कमान-पाट्याची बसवणी : मागचे चाक जमीन का सोडते?

एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्र १९७० पासून वीजनिर्मिती करीत आहे. केंद्राला कोळसा रेल्वेने येतो. जळून उरलेली राख मात्र मोठ्या प्रमाणावर ट्रकने बाहेर जाते. सिमेंट आणि विटांसाठी तिला मागणी आहे. १९९९ साली केंद्र सरकारने राखेच्या वापराविषयी अधिसूचना काढल्यापासून या वापराला कायद्याचेही पाठबळ आहे. या ट्रकांच्या कमानी दुरुस्त करणारे कारागीर नाशिक रोडपासून वडाळा नाक्यापर्यंत पसरले आहेत आणि त्यांत आपले बांधव बरेच आहेत. हा धडा त्यांच्यासाठी आहे.

दोन गिऱ्हाइके, एक तक्रार

भरलेला ट्रक ओल्या राखेच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये उचलताना मागची चाके धडधड उडू लागतात. ड्रायव्हर म्हणतो, "उस्ताद, कमान कमजोर झाली, एक पाटा वाढवा." उस्ताद पाटा वाढवतात, पैसे घेतात. चार दिवसांनी सेंटर बोल्ट तुटतो आणि गिऱ्हाईकही तुटते.

दुसरे गिऱ्हाईक तरुण असते. महिंद्रच्या नाशिक कारखान्यात तयार होणाऱ्या बोलेरोला मागे कमान-पाटाच आहे. अशी गाडी ड्रॅग शर्यतीत, म्हणजे उभ्या जागेवरून पाव मैल (४०२ मीटर) सरळ पळवायची, तर सुटताना चाक जागेवर फिरते किंवा उड्या मारते. तोही म्हणतो, "चाचा, कमान कडक करा." दोघांचा रोग एकच आहे आणि दोघांनी सांगितलेले औषध चुकीचे आहे.

रोग कोणता?

इंजिन चाकाला पुढे फिरवते, तेव्हा तेवढाच उलटा जोर अॅक्सलच्या घरावर येतो. पिनियनचे नाक वर उठू पाहते. अॅक्सल कमानीला बांधलेला असल्यामुळे कमानीचा पुढचा अर्धा भाग वर ओढला जातो, मागचा खाली दबतो आणि कमानीला वळण पडते. चाक घसरले की जोर अचानक कमी होतो व कमान झटक्याने सरळ होते. चाक पुन्हा जमीन पकडते, कमान पुन्हा पिळते. हेच ते धडधडणे. यात सेंटर बोल्ट, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आणि शेवटी क्राउन-पिनियनचे दात जातात.

म्हणजे प्रश्न वजन पेलण्याचा नसून पीळ थांबवण्याचा आहे.

पाटा वाढवण्याचा हिशेब

सारख्या जाडीचे नऊ पाटे असतील आणि दहावा टाकला, तर कमान सुमारे ११ टक्के कडक होते. पण १० मि.मी. जाडीऐवजी १२ मि.मी.चे पाटे घातले, तर ती सुमारे ७३ टक्के कडक होते. कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. "थोडासा जाड पाटा" ही थोडी गोष्ट नव्हे. कमान फार कडक झाली की रिकामी गाडी खड्ड्यावर उडते आणि चाकाची पकड उलट कमी होते. शिवाय कमानीने न घेतलेला मार चासी व अॅक्सलवर जातो.

तपासणीचा क्रम

१) गाडी सपाट जागी रिकामी उभी करा. टायरची हवा सारखी करा. दोन्ही बाजूंना चासीपासून अॅक्सलपर्यंतची उंची आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर मोजून लिहा. फरक दिसला तर आधी त्याचे कारण शोधा.

२) यू बोल्ट पाहा. अॅक्सलला धरून ठेवतो तो यू बोल्टचा दाब. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. सेंटर बोल्ट पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर यू बोल्ट सैल आहेत असे समजा. ताणलेला यू बोल्ट परत वापरू नका, त्याला वेल्डिंग करू नका. गाडीचे वजन कमानीवर ठेवून नट तिरप्या क्रमाने, कंपनीने सांगितलेल्या जोरापर्यंत आवळा. भरलेल्या पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळण्यासाठी गाडी बोलवा.

३) पिन, बुश व शॅकल तपासा. रबरी बुशचा बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळला, तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

४) पाटे सोडवून घासून पाहा. तडा बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी सापडतो. तडा गेलेला पाटा बदलावा. गॅसने लाल करून वाकवलेल्या पाट्याचे पाणी उतरते आणि तो थोड्याच दिवसांत बसतो. पोलादाला साधारण ८५० अंशांवर तापवून तेलात विझवावे लागते व नंतर ४५० ते ५०० अंशांवर पुन्हा तापवावे लागते. ही सोय नसेल, तर चांगल्या कंपनीचा तयार पाटा घालणे हेच खरे काम.

शर्यतीच्या गाडीसाठी वेगळे काय?

शर्यतवाले पुढच्या अर्ध्या भागावरील क्लिपा घट्ट करतात, म्हणजे तो भाग एका दांडीसारखा वागतो. मागच्या क्लिपा सैल ठेवतात, म्हणजे पाटे एकमेकांवर सरकतात. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने याच तत्त्वावर शर्यतीसाठी कमानी काढल्या होत्या : पुढचा भाग आखूड व कडक, मागचा लांब व मऊ. उजवे मागचे चाक सुटताना हलके होते, म्हणून उजवी कमान थोडी चढी ठेवली जाई.

दुसरा उपाय पोलादी पाचरीचा. नाक जोर पडल्यावर वर उठणारच, म्हणून शर्यतीच्या गाडीत ते प्रोपेलर शाफ्टच्या मानाने आधीच पाच ते सात अंश खाली ठेवतात. रस्त्यावरच्या गाडीला एवढा कोन देऊ नये, क्रॉस खाल्ला जातो. तिसरा उपाय म्हणजे अॅक्सलच्या बैठकीखाली बांधून पुढे नेलेली दांडी. तिच्या टोकावरचा रबरी ठोकळा कमानीच्या पुढच्या डोळ्याखाली टेकतो आणि पीळ तिथेच थांबतो.

हे सारे बंद, परवानगी घेतलेल्या धावपट्टीसाठी आहे. महामार्गावर शर्यत लावणाऱ्याची गाडी तयार करून देऊ नका. तिथे मरणारा बहुधा तिसराच असतो.

धंद्याची अमानत

जादा माल भरता यावा म्हणून पाटा मागणारे गिऱ्हाईक रोज येते. चार टायरच्या एका मागच्या अॅक्सलवर ११.५ टनांची मर्यादा २०१८ साली ठरली. २०१९ च्या सुधारित कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे. वाढवलेल्या पाट्याने ही मर्यादा वाढत नाही, ब्रेकही वाढत नाहीत. घाटात ब्रेक लागला नाही, तर दंड ट्रकमालक भरेल, जीव मात्र ड्रायव्हरचा जाईल.

गिऱ्हाइकाला कमानीतले काही कळत नाही. म्हणूनच त्याची गाडी आपल्याकडे अमानत आहे. "पाटा नको, यू बोल्ट बदला" असे सांगितल्याने आजची मजुरी थोडी कमी होईल, पण ती हलाल असेल आणि तेच गिऱ्हाईक उद्या आणखी दोन गाड्या घेऊन येईल. एक वही ठेवा. तीत गाडीचा क्रमांक, मापे आणि बदललेला माल लिहा. शिकाऊ मुलाला हातोड्याआधी मोजपट्टी धरायला शिकवा. हातोडा तो पाहून शिकेल, मोजण्याची सवय मात्र आपणच लावायची आहे.