आधी ताईला सांग

वडाळा,
रविवार

चि. छकुली,

काल कात्रक रोडला विठ्ठलाच्या देवळाबाहेर तुळस घेत होते, तेव्हा तुमच्या जुन्या शेजारच्या वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "धाकटी आता वेगळी गाणार म्हणे. आषाढीला मोठ्या दोघीच गायला बसणार." मी हो-नाही काही बोलले नाही. घरी आले, पण हात कामाला लागेना. बातमी खरी की खोटी ते नंतर बघू. ती मला रस्त्यात का कळावी? आणि ताईला तरी कळली आहे का? तुझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिचं ब्लडप्रेशर तुला माहीत आहे.

कोणीतरी तुला म्हणालं असणार की तू काय, मागून नुसता सूर धरतेस. हे तुझ्या मनाला लागलं असेल, तर मला तुझा राग आला आहे. तुम्ही तिघी बहिणींनी गाणी बसवली ती माझ्या पुढच्या खोलीत. कोण काय करतं ते मी रोज बघितलं आहे. अंतरा सुटताना ताई तुझ्या हनुवटीकडे बघते. मधली तुझ्या श्वासाबरोबर श्वास घेते. ओळीचं शेवटचं अक्षर तिघींचं एकदम पडतं, कारण तू तिथे मान किंचित खाली करतेस. मागच्या गणपतीत तू तापाने पडलीस आणि दोघीच गेल्या, तेव्हा दुसऱ्याच गाण्यात ताईचा सूर चढायला लागला. पेटीवाला नुसता माझ्याकडे बघत राहिला. खालचा सूर कोणी धरलेला नसला की वरची गाणारी अशी भरकटते. तुला हे कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते आहे.

तू म्हणशील, आयुष्यभर काय दोघींच्या सावलीत गायचं? उषाताई मंगेशकरांकडे बघ. वडील मास्टर दीनानाथ 1942 मध्ये गेले तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. थोरली लतादीदी, मधे मीनाताई आणि आशाताई. अशा घरात चौथ्या बहिणीने गळा उघडायचा म्हणजे काय असेल? 1955 मध्ये 'आझाद'साठी सी. रामचंद्रांनी त्यांना लतादीदींबरोबर गायला लावलं. ते गाणं आजही लग्नाच्या वरातीत वाजतं आणि दोन्ही आवाज वेगळे ओळखू येतात. 1957 च्या 'मदर इंडिया'त नौशादांनी लतादीदी, मीनाताई आणि उषाताई अशा तिघींना एका गाण्यात घेतलं. पडद्यावर आई आणि दोन मुलं शेतात राबत असतात. ते गाणं कानात इअरफोन घालून ऐक. कोणी कोणाच्या अंगावर येत नाही.

आणि मग 1972 मध्ये 'पिंजरा'. शांतारामबापूंचं राजकमल आपल्या परळचं, त्यामुळे गिरणगावाला तो सिनेमा घरचाच वाटायचा. खेबुडकरांचे शब्द, राम कदमांची चाल, पडद्यावर संध्या आणि आवाज उषाताईंचा. त्या लावण्यांत दीदींची आठवण येत नाही, आशाताईंचीही नाही. पुढे 1975 मध्ये 'जय संतोषी माँ' आला. तुझी आजी थिएटरात वहाणा काढून बसली होती. तिच्यासारख्या कितीतरी बायका होत्या आणि आरती लागली की पडद्यावर फुलं आणि चिल्लर पडायची. दोनच वर्षांनी 'इन्कार' आला. त्यात हेलनला दारूच्या गुत्त्यात नाचवणारं गाणं उषाताईंनीच म्हटलं. आरती आणि ते गाणं एकाच गळ्यातलं आहे हे आजीला मी शेवटपर्यंत पटवू शकले नाही. तेव्हा वेगळी वाट धरण्यात काही वाईट नाही. धर. मी तुला आडवी येणार नाही. पण ताईला सांगितलंस का?

काकांना गोदीतल्या नोकरीत इंग्रजी रेकॉर्डींचा नाद लागला होता ना, त्यांत अमेरिकेतल्या अँड्र्यूज सिस्टर्स होत्या. लाव्हर्न, मॅक्सिन आणि पॅटी. महायुद्धात सैनिकांसमोर गाणाऱ्या सख्ख्या तिघी बहिणी. पॅटी धाकटी, मुख्य गाणारी. 1950 नंतर ती वेगळी झाली आणि ते दोघी बहिणींना वर्तमानपत्रातल्या चर्चेवरून कळलं. काका हे सांगायचे तेव्हा मला प्रत्येक वेळी त्या दोघींचं वाईट वाटायचं. 1956 मध्ये तिघी पुन्हा एकत्र गायला लागल्या, पण मधली वर्षं गेलीच की.

आपल्याकडेही आशाताईंनी सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि बराच काळ घर तुटलं. लोकांनी दीदी आणि आशाताईंच्या काय काय गोष्टी रचल्या! पण पुढे पेडर रोडला प्रभुकुंजमध्ये दोघींची बिऱ्हाडं शेजारी-शेजारी लागली आणि 1984 मध्ये 'उत्सव'साठी दोघी एकत्र गायल्या.

मी हे सारखं का उगाळते आहे ते तुला ठाऊक आहे. तुझी आई आणि मी लालबाग-परळच्या मांडवांत गायचो. ती वरचा सूर घ्यायची, मी खालचा. माझं नाव पत्रिकेत दुसरं असायचं आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप लागला. तुझ्या आजोबांचा पगार बंद झाला, मंडळांकडे बिदागीला पैसे उरले नाहीत. त्या वर्षीच्या गणपतीत आम्ही एका चाळीत फुकट गायलो. पुढच्या वर्षी तुझ्या आईचं लग्न झालं. चाळीतलं ते गाणं शेवटचं ठरेल हे आम्हाला दोघींना माहीत नव्हतं. शेजारच्या खोलीत टेपरेकॉर्डर होता, पण मागायला कोणी गेलं नाही. आमच्या दोघींचा एकत्र आवाज आज कुठेही नाही. तुझी आई भांडी घासताना गुणगुणते तेव्हा माझा सूर आपोआप खाली लागतो, तेवढाच. तुमचं मोबाइलवर सगळं आहे, हे किती चांगलं आहे.

जास्त बोलले असेन तर मनात ठेवू नकोस. तुझा आवाज चांगला आहे, छकुली. तुझ्या खर्जात जो गारवा आहे तो ताईकडे नाही, मधलीकडेही नाही. एकटीने गायलीस तर तो लोकांना नीट ऐकू येईल. मला स्वतःला तो ऐकायचा आहे.

ताईला आज रात्रीच फोन कर. पहिल्यांदा उचलणार नाही, ती रागावली की तसंच करते. पुन्हा कर. आषाढीला बसायचं नसेल तर तसं सांग, पण तुझ्या तोंडून सांग. बसायचं असेल तर आदल्या दिवशी इकडेच ये. पुढची खोली झाडून ठेवते. तिघींना पुरेल एवढी साबुदाण्याची खिचडी करते, तुला दाण्याचं कूट जास्त लागतं ते लक्षात आहे. तुझ्या एकटीचा पहिला कार्यक्रम अंधेरीला असो की ठाण्याला, मला कळव. गुडघे दुखतात, पण टॅक्सीने येईन. पावसात भिजू नकोस. घसा बसला असेल तर ज्येष्ठमधाची काडी तोंडात धर. डब्यात काही पाठवू का, ते लिही.

तुझी,
मोठी मावशी