दूध ४ अंशांवर यायला किती वेळ लागेल, ते आधीच काढा

ज्यांच्याकडे डबल जॅकेटची टाकी आहे आणि जॅकेटमधून बर्फाचं पाणी फिरवून दूध थंड करतात, त्या सभासदांसाठी आजचा मेसेज. जरा लांब आहे, पण एकदा निवांत वाचा.

नेहमी काय होतं? धार काढून आणलेलं दूध ३५ अंशांवर टाकीत पडतं. १५ मिनिटांत १८-१९ वर येतं. आपल्याला वाटतं, अजून १५ मिनिटांत झालंच! लगेच गाडीवाल्याला फोन. गाडी दारात येते तेव्हा दूध १० अंशांवरच. मग एक तर गाडी खोळंबते, नाहीतर दूध तसंच जातं आणि पुढे आंबटपणा वाढून परत येतं. पैसे आपलेच जातात.

दूध किती झपाट्याने उतरेल, ते दूध आणि जॅकेटचं पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. फरक कमी होईल तशी चाल मंदावते. पण *फरक निम्मा व्हायला दरवेळी साधारण तेवढाच वेळ लागतो.* हा तुमच्या टाकीचा आकडा. तो एकदा मोजून घ्या.

समजा दूध ३५, पाणी २ अंश. फरक ३३. दूध १८.५ वर आलं की फरक निम्मा झाला. याला १५ मिनिटं लागली, तर पुढच्या १५ मिनिटांत दूध १० च्या आसपास, आणखी १५ नंतर ६, आणि शेवटच्या १५ नंतर ४. म्हणजे एकूण १ तास. ६ वरून ४ वर यायलाही पहिल्या १६ अंशांएवढाच वेळ गेला, हे ध्यानात घ्या.

आता पाणी २ ऐवजी ३ अंशांचं असेल तर? तीच टाकी, तेच दूध, पण सव्वा तास लागेल. आणि पाणीच ४ अंशांचं असेल तर रात्रभर पंप चालवा, दूध ४ वर येणारच नाही. म्हणून बर्फात काटकसर नको. २०० लिटर दूध ३५ वरून ४ वर आणायला साधारण ७५ किलो बर्फ वितळावा लागतो, तोही पाणी आधीच गार असेल तर. नळाचं २८ अंशांचं १०० लिटर पाणी २ अंशांवर आणायलाच ३०-३५ किलो बर्फ जातो. पाइपवाटे आणि उघड्या झाकणातून वाया जाणारा वेगळा. त्यामुळे दूध यायच्या आधीच पाणी गार करून ठेवा.

मोजताना ढवळणी चालूच पाहिजे. ती बंद असेल तर कडेचं दूध गार, मधलं कोमट, आणि थर्मामीटर कुठे बुडवला त्यावर आकडा बदलतो. पाण्याचं तापमान जॅकेटमध्ये शिरताना घ्या. बाहेर पडणारं पाणी फारच तापलेलं असेल, तर पंप कमी पाणी देतोय. पूर्ण भरलेल्या टाकीचा आणि अर्ध्या टाकीचा आकडा वेगळा येऊ शकतो, दोन्ही वहीत लिहा.

दोन-तीन महिन्यांनी परत मोजा. तेवढ्याच दुधाला, तेवढ्याच गार पाण्यात १५ ची २० मिनिटं लागू लागली, तर जॅकेटच्या आत बोअरच्या पाण्याचा क्षार धरला असण्याची शक्यता जास्त. आधी पंप आणि जाळी बघा, मग क्षार काढून घ्या. उन्हाळ्याच्या तोंडावर हे काम उरकलेलं बरं.

आज संध्याकाळच्या दुधाला मोजून बघा. टाकी किती लिटरची, दूध किती, पाणी किती अंशांचं आणि निम्म्याला किती मिनिटं, एवढं ग्रुपवर टाका. गाडीची वेळ त्यावरूनच ठरवू.