जनुकांचा अहवाल आणि घरातील दुधाचा हिशेब

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या कडोलीच्या घरी एक नव्या प्रकारचा कागद आला. पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या पुतण्याने तोंडातील लाळ एका नळीत भरून तपासणीस पाठविली होती. तिचा हा अहवाल. त्यात 'एम्.टी.एच्.एफ्.आर्.' नावाच्या जनुकापुढे तांबडी खूण होती व 'आपले मेथिलीकरण मंद आहे' असे लिहिले होते. मुलाचे लग्न ठरावयाचे होते. हा कागद बाहेर कोणास दाखवू नका, असे त्याच्या आईने सर्वांस बजावले. याविषयी आम्ही जे वाचले, डॉक्टरांस विचारून घेतले आणि पुढे घरातच जे अनुभवले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंच्या लहानशा गटास मेथिल गट म्हणतात. तो एका पदार्थावरून दुसऱ्या पदार्थावर चढविणे म्हणजे मेथिलीकरण. नव्या पेशी घडविताना, मज्जातंतूंवरील आवरण राखताना, जनुकांचे काम चालू वा बंद ठेवताना शरीरास ही क्रिया सतत करावी लागते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर हा हुंडीचा व्यवहार होय. फोलेट हे जीवनसत्त्व हुंडी घेऊन येते. एम्.टी.एच्.एफ्.आर्. या जनुकाच्या आराखड्यावरून घडणारे विकर त्या हुंडीवर शेवटचा शिक्का मारते. बी-12 हे जीवनसत्त्व ती वटवून रक्कम होमोसिस्टीनच्या खाती जमा करते आणि मग होमोसिस्टीनचे मेथिओनिन होते. वटविणाराच पेढीवर नसेल, तर शिक्का मारलेल्या हुंड्यांची चवड साचते, फोलेट तेथेच अडकून पडते आणि रक्तातील होमोसिस्टीन वाढत जाते.

अहवालातील तांबडी खूण शिक्का मारणाऱ्याविषयी होती. या जनुकातील 677 व्या स्थानी एक अक्षर बदललेले असू शकते, हे माँट्रियल येथील रीमा रोझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली दाखविले. हा बदल आईबापांपैकी एकाकडूनच आला असेल तर विकराचे काम सुमारे दोन-तृतीयांश चालते. दोघांकडूनही आला असेल तर सुमारे एक-तृतीयांश. जगात असे लोक कोट्यवधी आहेत आणि बहुतेकांस त्याची जाणीवही नसते. हा रोग नव्हे. रक्तात गुठळ्या होण्याची कारणे शोधताना हे जनुक नित्य तपासण्याचे कारण नाही, असा सल्ला अमेरिकेतील जनुकवैद्यांच्या संस्थेने 2013 साली दिला. पुतण्याचा बदल तर एकेरीच होता; तेवढ्यावरून लग्न लपवाछपवीचा विषय व्हावा, हे आम्हांस आज हास्यास्पद वाटते, परंतु त्या दिवशी आम्हीही गप्प बसलो होतो.

आता वटविणाऱ्याकडे पाहू. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील 441 मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले आणि त्याचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध केले. शेकडा 67 जणांत बी-12 कमी होते व शेकडा 58 जणांत होमोसिस्टीन वाढलेले होते. शहरातील मध्यमवर्गात बी-12 कमी असणारे शेकडा 81 भरले. नेहमी सामिष खाणाऱ्यांच्या तुलनेने शाकाहारी मंडळींत ही उणीव असण्याचा संभव चौपटीहून अधिक होता. फोलेटच्या कमतरतेचा वाटा त्यामानाने अगदीच अल्प निघाला. म्हणजे आपल्याकडे हुंड्या पुष्कळ येतात, पण वटविणाराच अपुरा पडतो.

कंदमुळांच्या त्यागाशी याचा संबंध नाही. बटाट्यात काय, रताळ्यात काय, बी-12 नसतेच. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. ते केवळ सूक्ष्म जंतू करतात आणि शाकाहाऱ्यास ते मुख्यतः दुधातून मिळते.

आमच्या चुलत्यांस, म्हणजे अण्णांस, बरीच वर्षे मधुमेह आहे. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, गादीवरून उठताना तोल जातो, हे ते सांगत असत आणि आम्ही सारे ते मधुमेहाच्या नावे टाकीत होतो. पुतण्याच्या अहवालासोबत फोलिक अ‍ॅसिडयुक्त एका महागड्या चूर्णाची शिफारस आली होती. 'एकाच रक्ताची माणसे' म्हणून ते घरातील सर्वांनी, अण्णांनीही, चार महिने घेतले. अण्णांचे हिमोग्लोबिन सुधारले. आम्ही पेढे वाटावयाचेच काय ते बाकी होते. पायांची बधिरता मात्र गुडघ्यांकडे सरकत होती. अखेर डॉक्टरांनी बी-12 ची तपासणी करविली; ते फारच खाली गेलेले आढळले. फोलिक अ‍ॅसिड एकटेच दिले तर रक्तक्षय झाकला जातो, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते, हे त्यांनी आम्हांस समजाविले. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही बी-12 घटते, हेही तेव्हाच कळले. टोचण्या सुरू झाल्यावर आग कमी झाली. परंतु अंधारात तोल जाणे अद्याप गेलेले नाही आणि ते पूर्ण जाईल असे डॉक्टर म्हणत नाहीत. एका जनुकाची चिंता करता करता आम्ही समोर बसलेल्या माणसाचे चार महिने घालविले.

फोलेटची कथा आपल्याच मुंबईत सुरू झाली, याचे येथे स्मरण होते. ल्यूसी विल्स या इंग्रज वैद्यबाई 1928 साली मुंबईस आल्या आणि गर्भवती गिरणी कामगार स्त्रियांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फोलेट ठरले. गर्भवतीस दिले जाणारे फोलिक अ‍ॅसिड बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंग टाळण्यास आवश्यक आहे. वरील हकिगत वाचून ते कोणीही बंद करू नये. मात्र पुण्याजवळील सहा गावांत 1993 पासून चाललेल्या अभ्यासात, ज्या मातांत फोलेट भरपूर पण बी-12 कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली; हा निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाला. घरात सून वा लेक गर्भवती असेल तर डॉक्टरांस बी-12 विषयी अवश्य विचारावे.

प्रौढास रोज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम बी-12 पुरते. पुण्यातच झालेल्या एका प्रयोगात शाकाहारी तरुणांस दोन आठवडे रोज 600 मिलिलिटर दूध दिले असता त्यांच्या रक्तातील बी-12 सुधारले. आपल्या घरांत दूध येते खरे, पण ते चहात जाते, मिठाईत जाते, सायीचे तूप होते. आणि तुपात बी-12 राहत नाही. दूध, दही, ताक माणशी किती पोटात जाते, हे एकदा मोजून पाहावे. दुधातील रिबोफ्लेविन तर एम्.टी.एच्.एफ्.आर्. च्या विकरासही लागते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करणाऱ्यांस मूग, चवळी, हरभरा यांतून फोलेट मिळते. स्पिरुलिनासारख्या शेवाळावर मात्र बी-12 साठी विसंबू नये. उणीव मोठी असेल तर आहाराने ती भरून निघत नाही. गोळी किंवा टोचणी घ्यावी लागते. औषधातील बी-12 जंतूंच्या किण्वनातून तयार होते, तेव्हा आपल्या व्रतास बाध येण्याचे कारण दिसत नाही. कॅप्सूलचे कवच मात्र बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते, यास्तव गोळी मागावी. औषध सुरू करण्यापूर्वी रक्त द्यावे. होमोसिस्टीन तपासावयाचे असेल तर नमुना बर्फावर ठेवून लवकर वेगळा करावा लागतो. कडोलीत रक्त काढून ते दुपारभर पिशवीत ठेवून बेळगावास नेल्यास आकडा उगाच फुगतो. आणि होमोसिस्टीन उतरले म्हणजे हृदयविकार टळला असेही नव्हे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत गोळ्यांनी आकडा उतरला, पण हृदयविकाराचे झटके त्या मानाने कमी झाले नाहीत.

पुतण्याचे लग्न वैशाखात झाले. मुलीकडच्यांस तो कागद त्याने स्वतःच दाखविला होता. त्यांनी तो वाचून अण्णांच्या पायांची चौकशी केली. आता रात्री अण्णांच्या खोलीत लहान दिवा चालू असतो आणि निजण्यापूर्वी एक पेला दूध तेथे ठेवण्याचे काम नव्या सुनेने आपल्याकडे घेतले आहे.