दुखणे आणि पाचवे शील

पारोळ्याच्या एका वृद्ध उपासकांचा प्रश्न आहे : कंबरदुखीची ट्रॅमाडॉल गोळी डॉक्टर आता कमी करीत आहेत, इतकी वर्षे ती घेतली, हा शीलभंग झाला काय?

नाही. पाचवे शील प्रमाद घडविणाऱ्या मद्याविषयी आहे, औषधाविषयी नव्हे. कपिलवस्तूस पाठ दुखू लागली तेव्हा स्वतः तथागत उपदेश आनंदांवर सोपवून पहुडले होते.

२०१८ पासून ही गोळी अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. ती एकाएकी सोडू नये. घाम, जुलाब, तळमळ सुरू होते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू उतरवावी.

सल्लसुत्तात दोन बाण सांगितले आहेत, एक शरीराला, दुसरा मनाला. ‘मी व्यसनी ठरलो’ ही लाज म्हणजे दुसरा बाण. त्या लाजेपायीच माणसे दुखणे लपवितात. वेदना वाढली तर डॉक्टरांना सांगा. मात्रा काही दिवस तेथेच थांबविता येते.