कापसाच्या गावातला नाताळ

वालूर, ता. सेलू
डिसेंबरचा तिसरा आठवडा

चि. भाचीबाईस,


तुझ्या शाळेच्या नाताळाची यादी मामाने मामीला वाचून दाखवली. प्लास्टिकचं झाड, लाल टोप्या, सांताचा पोशाख, चॉकलेटं आणि सगळ्यात खाली ‘बर्फासाठी कापूस, दोन बंडलं’. शेवटच्या ओळीला मामीला हसू आवरेना. वालूरच्या घरोघरी ओसरीत कापसाचे ढीग लागलेत आणि सेलूत तो औषधाच्या दुकानातून विकत आणायचा!

नोकरीचं पहिलं वर्ष, पहिलाच कार्यक्रम, वरून मुख्याध्यापिकांची नजर. यादी अशीच होणार. तरी चार गोष्टी सांगायला मामाचा हात शिवशिवतो. छत्तीस वर्षं खडू धरलेला माणूस पत्रातही फळ्यावर लिहिल्यासारखाच लिहितो, तेवढं सोसून घे.

या दिवसांत इकडे काय चाललंय ते तू विसरली नसशील. दव वाळल्याशिवाय बाया कापसाला हात लावत नाहीत. ऊन चढलं की ओट्या बांधून सरीला लागतात आणि संध्याकाळी काट्यावर जेवढे किलो भरतील तेवढी मजुरी. गुलाबी बोंडअळीमुळे डिसेंबरअखेर कापूस मोडा, फरदड म्हणून पुढे उभा ठेवू नका, असं कृषी खातं दरसाल सांगतं, म्हणून शेवटच्या वेचणीची घाई. तूर काढायची ती वेगळीच. थंडी तर परभणीची: 2018च्या डिसेंबरअखेर पारा 3 अंशांच्या आसपास उतरला होता. तुझ्या वर्गातली निम्मी लेकरं अशाच घरांतून स्वेटर, कानटोपी घालून येतात. त्यांच्या पालकांच्या मोबाइलवर ‘25 तारखेआधीच्या कार्यक्रमाला लाल पोशाख सक्तीचा’ असा निरोप गेला, तर एखाद्या आईची दिवसभराची वेचणी त्या टोपी-सदऱ्यात जाते. आधी ‘सक्तीचा’ हा शब्द काढ. आणि गणवेशात आलेलं पोर फोटोच्या वेळी मागच्या रांगेत ढकललं जाणार नाही, हे स्वतः उभी राहून बघ.

सांता येऊ दे की. लेकरांना मजा वाटते, मामाची हरकत नाही. फक्त मोठ्या वर्गांना सांग, की मूळचा निकोलस हा चौथ्या शतकातला बिशप, मायरा गावचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. त्याच्या गावी रेनडिअर नव्हते. गोबऱ्या गालांचा, लाल कोटातला म्हातारा घराघरात पोचला त्यात 1931पासूनच्या कोका-कोलाच्या जाहिरातींचा मोठा हात आहे.

खरी गोष्ट मात्र यापेक्षा जवळ आहे. सेलूला गाडीत बसलं की परतूर मागे टाकून माणूस दीड-एक तासात जालन्याला उतरतो. तिथे एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री नावाचे मराठी पाद्री राहत. मुंबईतल्या ब्राह्मण घरातला हा तरुण 1843 साली ख्रिस्ती झाला. पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला, वडील कोर्टात गेले, मुलगा परत मिळाला. आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून उभे राहिले कोण, तर ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. तेव्हाच्या मुंबईत हे प्रकरण काय गाजलं असेल! थोरले नारायणराव पुढे जालन्याला आले आणि गावाजवळ त्यांनी बेथेल नावाची वसाहत वसवली. जमीन दिली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. म्हणजे मुसलमान राज्य, मराठी पाद्री, पाठीशी स्कॉटलंडची मिशन, आणि वस्तीला आलेले बरेचसे आसपासच्या खेड्यांतले गरीब, ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं ते. वालूरही तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होतं. आपल्याकडची चक्राकार बारव वर्षानुवर्षं गाळाखाली होती, गावातल्या पोरांनी उपसली तेव्हा कुठे लोक लांबून बघायला येऊ लागले. बेथेलची गोष्ट अजून गाळातच आहे.

तुझ्या कार्यक्रमात इंग्रजी गाणीच वाजली पाहिजेत, असंही कुणी सांगितलेलं नाही. पिलांसाठी तळमळणाऱ्या जखमी पक्षिणीची कविता तुझ्या आईला अजून पाठ आहे. ती लिहिणारे रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी कीर्तन, अभंग, भजन यांच्यासकट ख्रिस्ताला मराठीत आणलं. त्यांची पदं मराठी चर्चमध्ये आजही पेटी-तबल्यावर म्हणतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शाळेच्या कपाटात असेल, तर सातवीला त्यातलं एखादं प्रकरण वाचून दाखव. शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई पोट धरून हसवते आणि पुढच्याच पानावर गप्प करते. त्याही आधी, 1616 साली, थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापलं गेलं, तेही ओवीत.

पालकांच्या बैठकीत एखादा उठून म्हणेलच, ‘मॅडम, हे आपलं आहे का?’ वाद घालू नकोस. 2020 साली उस्मानाबादला, आपल्याच मराठवाड्यात, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, एवढं सांग आणि चहा दे. वर्गात 25 डिसेंबरला महाड आठवणारी घरंही असतील. 1927 साली बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती याच तारखेला. त्या लेकरांनी ते सांगितलं तर त्यांना थांबवू नको.

आणखी एक. वर्गात एखादं ख्रिस्ती लेकरू असलं तर त्याला उभं करून ‘तुमच्यात काय करतात, सांग’ असं विचारायचं नाही. त्याला नमुना व्हायचं नसतं, इतरांसारखा गलका करायचा असतो. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतात, हे शिक्षिकेने आपणहून सांगावं. ते त्याच्या डब्यातून निघालं तर कुणाला नवल वाटायला नको.

झाडाचे पैसे वाचव. त्याऐवजी गव्हाण कर. येशूचा जन्म गोठ्यातला. आणि गोठा म्हणजे काय, हे तुझ्या वर्गाइतकं युरोपातल्या शहरी पोरांना माहीत नसेल. कडबा मामा देतो. पोळ्याचे मातीचे बैल कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असतील. मेंढ्या करायला कापूस वापर, हवा तेवढा ने, पण सरकीसकट; शाळेत शहरातून आलेल्या कुणी बाई असतील, तर त्यांना सरकी कशी काढतात ते पोरंच दाखवतील. मरिया आणि योसेफ यांना पैठणी-फेटा चढवायचा मोह होईल, तो आवर. बेथलेहेम बेथलेहेमच राहू दे.

बेथेल दाखवायला जालन्याची सहल काढलीस, तर ती नाताळाच्या आठवड्यात नको. तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या सणात आपली गर्दी कशाला? जानेवारीत आधी फोन करून, विचारून जा. ज्वारी आत्ता पोटऱ्यात आहे, संक्रांतीपर्यंत हुरडा येईल. तेव्हा इकडे ये, चार पोरंही आण. गोवऱ्या आहेत, गूळ आहे. लसणाची चटणी तुझ्या आईकडून घेऊन ये, मामीच्या हातची तिखट नसते, हे तिला सांगू नको.

तुझा,
मामा