अंगणाभोवतीची वसाहत

वेंगुर्ल्यासारख्या जुन्या बंदराच्या बाजारपेठेत पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड, अशी घरे आढळतात. तेथील दुकानदाराला कामावर जाण्यासाठी केवळ उंबरठा ओलांडावा लागतो. वाडीतील घरापुढे सारवलेले खळे असते. त्यात भात वाळते, आमसुले सुकतात, मुले खेळतात आणि तिन्हीसांजेला शेजारीपाजारी येऊन बसतात. घर, काम आणि शेजार ही तेथे एकमेकांना धरून असतात.

मोठ्या शहरात मात्र यांची फारकत होते. मुंबईचेच उदाहरण घ्या. तेथे कचेऱ्या दक्षिणेस एकवटल्या आणि वस्ती उत्तरेकडे पसरत गेली. त्यामुळे पोटासाठी कोकणातून गेलेल्या कितीतरी माणसांचा दिवसातील बराच वेळ आगगाडीच्या गर्दीत जाऊ लागला.

हा प्रश्न केवळ आपलाच नव्हे. दूर उत्तरेस स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही घरांची टंचाई भासू लागली. तेव्हा शहराबाहेर व्हेलिंगबी नावाचे उपनगर वसवण्यात आले. १९५४ साली त्याच्या मध्यवर्ती चौकाचे उद्घाटन झाले. काम, घर आणि बाजार-करमणुकीचे केंद्र ही तिन्ही एका ठिकाणी असावीत, हे त्याचे सूत्र होते. या तीन गोष्टींच्या स्वीडिश नावांची आद्याक्षरे ए, बी आणि सी अशी असल्यामुळे त्याला 'एबीसी नगर' म्हणू लागले. तरीही पुष्कळ रहिवासी कामासाठी जुन्या शहरातच जात राहिले. जवळ मिळणारे काम प्रत्येकाच्या योग्यतेचे असतेच असे नाही!

आपल्याकडे १९६०च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एक विचार मांडला. मुंबईचा भार हलका करावयाचा, तर खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी १९७० साली 'सिडको' ही संस्था स्थापन झाली आणि नवी मुंबई आकारास येऊ लागली.

याच नव्या शहरात बेलापूर येथे, डोंगराच्या पायथ्याशी, कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात एक वसाहत उभारली. 'आर्टिस्ट व्हिलेज' हे तिचे नाव. कोरिया मूळ गोमंतकीय कुटुंबातले. अंगणाचे मोल ते चांगले जाणत. येथे त्यांनी उंच इमारती बांधल्या नाहीत. सात घरांच्या मध्ये एक चौक, अशा तीन चौकांच्या एकवीस घरांसाठी एक मोठा चौक आणि असे तीन समूह मिळून त्याहूनही मोठे मैदान, अशी त्यांची योजना होती. लहान मुलाला आपल्या दारापुढचा चौक पुरतो. थोरांना मैदान लागते. दोघांचीही सोय तिच्यात होती.

तिच्यात आणखी दोन गोष्टी होत्या. कमी मिळकतीचे कुटुंब असो वा अधिक मिळकतीचे, त्यांच्या वाट्याच्या जमिनीत फारसे अंतर ठेवले नव्हते. शिवाय दोन घरांत सामाईक भिंत नव्हती. संसार वाढला की शेजाऱ्याला धक्का न लावता प्रत्येकाला आपले घर वाढवता येई. बांधणीही साध्या गवंड्याला जमेल अशीच होती.

पुढे अनेकांनी ती उतरत्या छपरांची घरे पाडून मजले चढवले. काहींना वाटते, वसाहतीचे मूळ रूप हरपले. काही म्हणतात, घर माणसाबरोबर वाढावे हाच तर मूळ हेतू होता. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण भिंती बदलल्या, तरी मधले चौक मोकळे राहिले पाहिजेत. कारण घर एकट्याचे असते, अंगण मात्र सर्वांचे असते.

स्वाध्याय
१. व्हेलिंगबीच्या योजनेचा हेतू कोणता होता? तो पुरता का सफल झाला नाही?
२. बेलापूरच्या घरांना सामाईक भिंत नसल्याने कोणता लाभ झाला?
३. तुमच्या वाडीतील किंवा आळीतील सर्वांच्या मोकळ्या जागेचे वर्णन दहा ओळींत करा.