ठाण्याचे अठ्ठावीस हजार, कणकवलीचे पंधरा

प्रश्न : कणकवली बाजारपेठेत एका दुकानात मी हिशेब लिहिते. हातात १५,००० येतात, पीएफ नाही. घरी ५,००० देते, प्रवासाला १,५०० आणि वरखर्चाला २,५०० जातात. आता ठाण्यात २८,००० सीटीसीची नोकरी मिळते आहे. डोंबिवलीत मैत्रिणींसोबत राहिले तर माझ्या वाट्याला भाडं ६,०००, डबा ४,५००, प्रवास १,५००. जाऊ का?
– एक वाचक, जानवली

उत्तर : आधी २८,००० हा आकडा डोक्यातून काढा. सीटीसीत कंपनीचा पीएफही धरलेला असतो. मूळ पगार १५,००० असेल तर कंपनीचे १,८०० आणि तुमचे १,८०० वळते होतील. महिन्याचा पगार २५,००० च्या वर गेला की महिलांनाही व्यवसाय कर लागतो, महिना २००. हातात येतील २४,२००.

त्यातून तुम्ही लिहिलेले सगळे खर्च, घरचे ५,००० आणि वरखर्च वजा करा. राहतात ४,७००. वीजबिल, गॅस, सकाळचा चहा-नाश्ता तुम्ही धरलेलाच नाही. त्याचे १,५०० धरले की उरले ३,२००. आज तुम्ही महिन्याला ६,००० मागे टाकता! घरी देता त्या ५,००० त दोन वेळचं जेवण आहे, घरचा तांदूळ आहे, परसातला नारळ आहे. तिकडे तेवढेच पैसे पाठवून जेवणाचे वेगळे मोजाल. थोडे कमी पाठवले तर चालतील का, हे आईशी मोकळेपणाने बोला. गणपतीला गावी यायचा खर्च तर अजून धरलेलाच नाही.

घर हाच खरा फरक आहे. केंद्र सरकारसुद्धा आपल्या कर्मचाऱ्यांना मुंबई-ठाण्यात मूळ पगाराच्या ३० टक्के घरभाडे भत्ता देतं, कणकवलीसारख्या ठिकाणी १० टक्के. डिपॉझिट देण्यापूर्वी भाडेकराराची नोंदणी करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे.

पीएफ तुमच्याच नावावर साठेल, पण कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनकडे जातात आणि महिनाअखेरीच्या अडचणीला त्यातलं काही हाताशी नसतं.

कंपनीला एकच विचारा : हातात २७,००० देता का? तेवढ्यात आजच्या ६,००० शी बरोबरी होते आणि पीएफ वर राहतो. देत असतील तर जरूर जा. नसतील, तर सध्या कणकवली सोडू नका.